ना एस, ना एम, ना पी

"सोनं उत्तम आहे, नाणं नाही." शेतात सापडलेलं नाणं पाहून नाण्यांचे जाणकार एवढंच म्हणाले, भिंग खाली ठेवलं आणि पुढच्या माणसाकडे वळले. तेव्हापासून हे वाक्य डोक्यात घोळतंय. जेवताना, अंथरुणावर पडल्यावर, आत्ता लिहितानाही.

चिडण्यासारखं त्यात काही नाही हे कळतं. नुकसान तर नाहीच. मातीतून आयतं सोनं निघालंय, तेही बावीस कॅरट. दादा फोनवर हसलाच. "अरे, मग सुतकी चेहरा कशाला?" चेहरा त्याला फोनवर दिसला कुठून, कोण जाणे. पण हातातलं काहीतरी कुणी काढून घेतल्यासारखं वाटतंय, आणि नेमकं काय काढून घेतलं ते सांगता येत नाही.

बांधाजवळ मेटल डिटेक्टर वाजला तेव्हा कॅनची रिंगच असणार, असं धरून चाललो होतो. डिटेक्टरवर सोन्याचा आकडा बरेचदा त्याच पट्ट्यात येतो, ॲल्युमिनियमच्या कचऱ्याशेजारी. रिंगा उकरायचा कंटाळा करणाऱ्याला सोनं लाभत नाही ते यामुळेच. वीतभर खाली ढेकूळ फुटलं आणि कड दिसली. तांबं मातीत हिरवं पडतं, चांदी काळवंडते. हे मात्र कालच कुणाच्या खिशातून पडल्यासारखं पिवळंधमक. एका बाजूला घोड्यावरचा सेंट जॉर्ज, टापांखाली ड्रॅगन. दुसरीकडे ब्रिटनचा राजा पाचवा जॉर्ज. साल १९२१. अंगठ्याने माती पुसायचा मोह आवरला, कारण मातीतला एखादा खडाही सोन्यावर ओरखडा काढतो. नुसतं पाण्याखाली धरलं. तात्यांना तिथूनच फोन लावला. शेत त्यांचं, निघेल त्यात निम्मं त्यांचं, हे आधीच ठरलेलं. सापडल्याची रीतसर नोंदही झाली.

ती रात्र फार छान गेली, हेच आता खुपतंय.

वजन ७.९९ ग्रॅम भरलं. सॉव्हरिनचं, म्हणजे ब्रिटनच्या या सोन्याच्या नाण्याचं, ठरलेलं वजन ७.९८८. व्यास २२ मिलिमीटर आणि वर केसभर. लोहचुंबक ढिम्म. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवला, काटा शून्यावर आणला आणि नाणं दोऱ्याने पाण्यात सोडलं, तळाला टेकू न देता. हात थरथरला की आकडा नाचायचा. श्वास रोखून धरला तेव्हा कुठे तो ०.४५ ग्रॅमवर थांबला, म्हणजे नाण्याने सारलेल्या पाण्याच्या वजनावर. वजनाला त्याने भागलं की घनता १७.७ च्या घरात येते, बावीस कॅरटला शोभेल अशी. शिशाची गाडी ११.३ च्या पुढे जात नाही. टंगस्टन तेवढं लबाड, शुद्ध सोन्याच्या तोडीस तोड जड. तिथे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं एक्सआरएफ यंत्रही पुरं पडत नाही, कारण ते वरचा पातळ थरच वाचतं. म्हणून सगळ्या कसोट्या झाल्यावरही भिंग घेऊन बसावंच लागतं.

आणि भिंगाने घात केला.

तारखेच्या वर जमिनीची रेघ असते. तिच्या मधोमध टाकसाळीचं अक्षर. सिडनीचं एस, मेलबर्नचं एम, पर्थचं पी, आणि फक्त १९१८ मध्ये मुंबईचं आय. अक्षर नसेल तर ते लंडनचं समजायचं. माझ्या नाण्यावर अक्षर नव्हतं, आणि लंडनच्या टाकसाळीने १९१७ नंतर थेट १९२५ चंच सॉव्हरिन पाडलं. मधली सालं तिथली नाहीतच. झिजलं असेल, म्हणून टॉर्च आडवा धरून पाहिलं. पण ड्रॅगनच्या पंखावरच्या रेघा शाबूत असताना नेमकं अक्षरच कसं झिजेल? राजाच्या दाढीखाली बारीक पुटकुळ्याही दिसल्या. नकली ठशात खड्डे राहिले की नाण्यावर त्या अशा उठून येतात. म्हणजे कळायचं ते मला घरीच कळलं होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला गेलो. त्यांनी बिचाऱ्यांनी ऐकवलं.

सुहासचा मेसेज आलाय, "काय म्हणाले?" अजून उत्तर दिलेलं नाही. त्याच्याविषयी आज लिहायचं नाही.

पण खोटं नाणं खऱ्या सोन्यात, पुऱ्या वजनाचं पाडायचंच कशाला? दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात सॉव्हरिनला त्यातल्या सोन्यापेक्षा जास्त भाव मिळायचा, आणि तेवढा फरकच बनवणाऱ्याची कमाई. बैरुतमध्ये पाडली जायची, इटलीत पाडली जायची. मिलानमधला होझे बेराहा तर याच धंद्यात प्रसिद्ध झाला. पुढे तो स्वित्झर्लंडमध्ये पकडला गेला, पण सॉव्हरिन आता चलनच नाही, मग बनावट चलनाचा गुन्हा कसला, म्हणून तिथल्या न्यायालयाने १९५२ मध्ये त्याला इटलीच्या ताब्यात द्यायला नकार दिला! अखेर ब्रिटनच्या टाकसाळीलाच १९५७ पासून पुन्हा नियमित सॉव्हरिन पाडायला घ्यावी लागली. हे वाचून पहिल्यांदा जरा बरं वाटलं. कुणीतरी बसून ठसा कोरला, सोन्यात तांबं मोजून मिसळलं, वजन तंतोतंत जुळवलं, आणि एक अक्षर घालायचं राहिलं. मेहनत काही खोटी नव्हती गड्याची.

ज्याचं हरवलं, त्याने ते खरं म्हणूनच शोधलं असणार, बांधाच्या कडेकडेने, अंधार पडेपर्यंत. की खोटं निघालं म्हणून त्यानेच भिरकावलं? छे, सोनं कोण भिरकावतं.

सुतकी चेहऱ्याचं म्हणाल तर तोही आता टिकेना. तात्यांना सगळं सांगितलं, अक्षराचं, लंडनचं, पुटकुळ्यांचं. शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझं निम्मं ते खोट्यातलं, का सोन्यातलं?" मला हसूच फुटलं. पण ते गंभीर होते. त्यांचं म्हणणं, आटवून टाकू. खोटेपणा आटेल, सोनं उरेल, दोघांच्या दोन अंगठ्या होतील. हिशेबात खोट काढायला जागाच नाही.

मी ताडकन नाही म्हणालो. इतक्या जोरात, की माझं मलाच नवल वाटलं. खोटं ठरल्यापासून ज्याच्याकडे धड बघितलंही नव्हतं, त्याच्यासाठी एवढा आवाज! तात्या म्हणाले, "बरं बरं, उद्या येतो, मग बोलू."

उद्या त्यांच्याशी भांडायचंय. मुद्दा काय मांडायचा, ते अजून सुचलेलं नाही.