वीस मिनिटे

परिचारिकेच्या नोकरीत समाधानाचे क्षण कोणते, असे दरवर्षी १२ मे रोजी कोणीतरी विचारतेच. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा तो जन्मदिवस असल्याने आम्हांला त्या दिवशी गुलाबाचे फूल मिळते आणि तिसऱ्या भाषणापर्यंत ते मान टाकते. मला मात्र तो प्रश्न ऐकला की काचेची एक नळी आठवते.

सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या एका ग्रामीण रुग्णालयात माझी बरीच वर्षे गेली. तिथला सडा, म्हणजे खडकाळ माळ, जांभ्या दगडाचा, आणि जांभ्याच्या सापटीत, रचून ठेवलेल्या चिऱ्यांत, गवताच्या भाऱ्यांत फुरसे दडून बसते. जेमतेम हातभर लांबीचा, मातकट रंगाचा हा साप अंगावरचे खवले घासून खरखर आवाज करतो. पण काम करणाऱ्या माणसाच्या कानांवर तो बहुधा उशिराच पडतो. फुरशाचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती काढून घेते. म्हणूनच चावल्या जागी ब्लेडने चिरा देण्याचा गावठी उपाय इथे सर्वांत घातक ठरतो, कारण चिरेतून सुरू झालेले रक्त थांबायलाच तयार नसते.

विष अंगात किती भिनले, हे पाहण्याची परीक्षा अगदी साधी असते. रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे, नळी वीस मिनिटे न हलवता उभी ठेवायची आणि मग तिरकी करून पाहायची. रक्त वाहिले, तर विष आपले काम करत आहे. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानेच गोठण्याची क्रिया सुरू होते; प्लॅस्टिक चालत नाही, आणि धुताना साबणाचा अंश राहून गेला तरी निकाल फसतो. त्यामुळे या नळ्यांना मी कोणालाही हात लावू देत नसे, आणि त्यावरून माझ्या पाठीमागे काय बोलले जाई, तेही मला ठाऊक होते.

एका रात्री आठच्या सुमारास चाळिशीतली एक बाई आली. चिरे उचलताना तिच्या बोटाला फुरसे चावले होते, हात कोपरापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होते. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखे वाहिले. डॉक्टरांनी प्रतिविषाच्या दहा बाटल्या सांगितल्या. ही पूड असते. प्रत्येक बाटलीत दहा मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर सोडून ती हलक्या हाताने गोल गोल फिरवायची. घाईने खळखळून हलवली की फेस होतो. रुग्ण समोर तळमळत असताना दहा वेळा असे सावकाश हात फिरवणे हे संयमाचे जे शिक्षण आहे, ते मला परिचर्येच्या वर्गात कोणी दिले नव्हते. तासाभरात औषध सलाइनमधून गेले. अंगावर पित्त उठले किंवा दम लागला तर हाताशी असावे म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन भरून ठेवले होते, ते सुदैवाने लागले नाही.

नंतर सहा तास थांबायचे असते. पहाटे साडेतीनला पुन्हा नळी भरली. बाईची सासू खाटेशेजारी बसून होती. “गो बाय, काय बघतंस त्या नळयेत?” तिने विचारले. मी समजावून सांगितले. वीस मिनिटांनी रक्त पुन्हा वाहिले, म्हणून औषधाचा आणखी एक डोस द्यावा लागला आणि पुढची परीक्षा सकाळी साडेनऊला ठरली. माझी ड्यूटी आठला संपत होती.

विंचवाच्या रुग्णाबाबतही असाच एक क्षण येतो. लाल विंचू चावला की हातपाय बर्फासारखे गार पडतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाब उतरवणारे औषध वापरून दाखवले आणि कोकणातल्या कितीतरी घरांचे दिवे विझायचे राहिले. औषध लागू पडल्याची खूण रुग्णाच्या पावलांवर कळते. रात्रभर रक्तदाब मोजत, त्याला उठू न देता बसल्यावर केव्हातरी ती पावले कोमट लागतात. हे आधी डॉक्टरांना कळत नाही, नातेवाइकांना तर नाहीच. पहिल्यांदा कळते ते आपल्या बोटांना.

त्या सकाळी मी घरी गेले नाही. साडेनऊला नळी भरली, खिडकीत उभी केली आणि वीस मिनिटे तिच्याकडे पाहत बसले. तिरकी केली, रक्त हलले नाही. उलटी केली, तरी तळाशी घट्ट धरून राहिले. धीर न धरवून मी ती नळी सासूबाईंसमोर नेली. तिने डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाली, “लागला म्हण मगे विरजण!”

खाटेवरून सुनेने विचारले, थोडी पेज मिळेल का? पेजेबरोबर लोणच्याची फोड द्यायची की नाही, यावर सासूबाई आणि वॉर्डातल्या मावशी यांचा वाद सुरू झाला, तेव्हा मी पर्स उचलली.