रक्षा मेडलच्या कडेवरचा नंबर

ध्वजदिन निधी गोळा करायला आमच्या तालुक्याची माजी सैनिक संघटना निघते, तेव्हा डबा फौजीच्या हातात आणि वही त्याच्या बायकोच्या, अशी आमच्याकडची वाटणी आहे. डब्याचं काम सरळ. झाकणावर कागदी पट्टी, पट्टीवर दोघांच्या सह्या, वर लाख. उघडायचा तो सगळ्यांसमोर, आणि मोजणीचा कागद पैशांबरोबरच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जातो. मोठी रक्कम देणाऱ्याला आधीच सांगावं लागतं: आयकराची सवलत हवी असेल तर 2000 रुपयांच्या वर रोख देऊ नका, चेक द्या. ध्वजदिन 7 डिसेंबर 1949 पासून पाळला जातोय, पण हे पैसे कुठं जातात हे विचारणारा क्वचितच भेटतो.

वहीचं काम मात्र किचकट आहे. कोणत्या घरात फौजी होता, पेन्शन येते का, येत नसेल तर का, एवढंच त्यात लिहायचं. पेन्शनवाल्यांच्या बायका अडलं-नडलं की आपणहून ऑफिसला येतात. निसटतात त्या दुसऱ्याच. 1962 नंतर फौज वाढली, साताऱ्याच्या गावागावांतून पोरं भरती झाली, आणि त्यातली काही घरच्या अडचणीपायी पंधरा वर्षं भरायच्या आतच परत आली. पेन्शन नाही, म्हणून नोंद नाही. नवरा गेल्यावर तर त्या घरात कोणी फौजी होता हे शेजाऱ्यालाही माहीत नसतं.

एका ध्वजदिनाला असंच एक घर लागलं. दारातून पुरुषांनी विचारलं, "पेन्शन चालू आहे का?" आतून आवाज आला, "न्हाई." संपलं. आमच्या सुभेदार साहेबांच्या पत्नी मात्र चपला काढून आत गेल्या. आजी चुलीपुढं होत्या, वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. "आजी, आजोबांचं फौजेतलं काही कागदपत्र?" "समदं भिजून गेलं बाई. छपार गळत हुतं." "मग एखादं पदक, बिल्ला?" "त्ये हाय. नातू खेळायचा त्याच्याशी."

ट्रंकेतून निघालं ते रक्षा मेडल, 1965 च्या लढाईच्या वेळी फौजेत असलेल्यांना मिळालेलं पदक. रिबीन कधीच गेली होती. पदक मिळालं की लोक दर्शनी बाजू बघतात, राजमुद्रा बघतात. बघायची असते ती कड. फौजीचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथं बारीक अक्षरात कोरलेली असते. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेली पुस्तिका, हरवलं असेल तर एवढ्या एका ओळीवर गाडी पुढं सरकते.

ती ओळ वाचणं हे वेगळं काम. चिंचेनं किंवा राखेनं पदक घासू नये. कोरीव काम उथळ असतं, पन्नास वर्षांच्या हाताळणीनं आणखी झिजलेलं असतं, घासलं की उरलंसुरलंही जातं. मऊ कपड्यानं नुसतं पुसायचं, अंधाऱ्या खोलीत टॉर्च कडेला जवळजवळ टेकवून तिरका धरायचा आणि पदक हळूहळू फिरवत मोबाइलवर फोटो घ्यायचे. तरी 3 की 8, 1 की 7 असा घोळ राहतोच. मग पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद कडेवर ताणून वरून मऊ पेन्सिल आडवी फिरवायची. या पदकावर 27 नं सुरू होणारा सात अंकी नंबर निघाला, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. पाचवा अंक कागदावरही नीट उठेना, म्हणून दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या.

या रेजिमेंटच्या जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र गेलं. असल्या पत्रात विनवण्या नकोत, माहिती हवी: दोन्ही संभाव्य नंबर, हुद्दा, पदकावर आहे तसंच नाव, वडिलांचं नाव, भरतीच्या वेळचं गाव आणि तालुका. भरती 1960 च्या आधीची असेल तर जिल्हा तेव्हाच्या नावानं, 'उत्तर सातारा' असा लिहावा. सांगलीकडच्या माणसाचा 'दक्षिण सातारा'. नाव पदकावरचंच द्यायचं, कारण भरतीच्या रांगेत पोरानं घरच्या हाकेचं नाव सांगितलेलं असतं आणि बाबूनं तेच उतरवलेलं असतं. बिनपेन्शनच्या जवानाची सगळी फाइल मागू नये. ती 25 वर्षांनी नष्ट करतात. कायम राहतो तो लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांची नोंदवही, आणि मागायचा तो त्यातला उतारा.

उतारा आला. भरती, डिस्चार्ज, कारण 'स्वतःच्या विनंतीवरून'. आधी हे कारणच वाचायचं, कारण शिस्तभंगानं काढलेल्या माणसाला माजी सैनिक धरत नाहीत. मग वर्षं मोजायची. कलर सर्व्हिस (प्रत्यक्ष फौजेतली वर्षं) आणि रिझर्व्ह (त्यानंतर राखीव यादीतली वर्षं) मिळून पंधरा भरत असतील तर रिझर्व्हिस्ट पेन्शनचा मुद्दा येतो, आणि तसं असताना घाईनं अनुदानाचा अर्ज भरणं म्हणजे त्या बाईचं नुकसान. इथं तसं काही नव्हतं. आजोबा सात वर्षांच्या आतच परतले होते, त्यामुळं वाट एकच होती: केंद्रीय सैनिक बोर्डाचं पेन्युरी, म्हणजे हलाखीतल्यांसाठीचं, अनुदान. ते हवालदार व त्याखालच्या हुद्द्याच्या, पेन्शन नसलेल्या, 65 वर्षांवरच्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला मिळतं. तेव्हा महिना 4000 होतं; 1 नोव्हेंबर 2025 पासून केलेल्या अर्जांना 8000 झालं. पैसा येतो संरक्षणमंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून, आणि तो निधी सशस्त्र सेना ध्वजदिन निधीचाच भाग आहे. दारोदार डबा फिरवणाऱ्या आमच्यातल्याच कित्येकांना हे ठाऊक नसतं, याचं मला अजून नवल वाटतं.

उताऱ्यात बायकोचं नाव नव्हतं. असणार कसं, लग्नच डिस्चार्जनंतर झालेलं. विधवेचं ओळखपत्र काढायचं तर नातं सिद्ध करावं लागतं. नवऱ्याचा मृत्यू दाखला, जुनं रेशनकार्ड, मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं वडिलांचं नाव, ग्रामपंचायतीचा दाखला अशी जुळवाजुळव झाली. त्यात खरा अडथळा 'बाई'चा. रेशनकार्डावर नावापुढं 'बाई', आधारवर नाही, बँकेच्या पासबुकात पुन्हा आहे. माणसाला कळतं की बाई एकच, ऑनलाइन अर्जाला कळत नाही. तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, आणि आधार व पासबुक अर्जाच्या आधी एकसारखं करून घेतलं. हा क्रम उलटा झाला की अर्ज परत येतो.

बँकेत वेगळंच. शेतात राबून आजींच्या अंगठ्याच्या रेषा पुसट झालेल्या. मशीन दर वेळी नाही म्हणे. अशा वेळी दहाही बोटं करून बघायची, तरी नाही लागली तर डोळ्यांच्या बुबुळांचं यंत्र असलेलं केंद्र शोधायचं. आमच्या एका नायक साहेबांची सून अशा केंद्रात काम करते, तिनं काम केलं. खातं दुसऱ्या बँकेत विलीन झालेल्या बँकेचं असेल तर नवा आयएफएससी कोड पासबुकावर छापून घ्यावा, तोंडी सांगितलेला चालत नाही.

अर्ज स्कॅन करतानाही त्या सुनेनंच एक गोष्ट पकडली: घडीच्या रेघेवर आलेली जन्मतारीख स्कॅनमध्ये दिसत नव्हती. कागद रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवला, सकाळी पुन्हा स्कॅन केला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या कल्याण संघटकांनी घरी येऊन पाहणी केली, शिफारस झाली, अर्ज जिल्ह्यातून पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाकडं आणि तिथून दिल्लीला गेला.

मंजुरी आली तेव्हा सुभेदारीणबाईंनी आजींना आधी हयातीच्या दाखल्याचं सांगितलं, कारण तो दरवर्षी द्यावा लागतो आणि एक वर्ष चुकलं की पैसे थांबतात. दाखल्याचा महिना वहीत आजींच्या नावापुढं लाल शाईनं लिहिलाय. वहीत एक नवा रकानाही आखलाय: 'पदक आहे का, कडेवर काय लिहिलंय'.