चकमक

मी वनरक्षक आहे. कोयनेच्या खोऱ्यात, शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला माझं बीट, म्हणजे मी राखायचा टापू. आमच्या नोकरीत आगीशी गाठ पडते ती विझवण्यापुरती. 15 फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत रात्रीअपरात्री सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, लाल रेघ दिसली की पळायचं आणि ओल्या डहाळ्यांनी ती झोडपायची. आग लावायचं काम त्याआधी, थंडीत. ते जाळरेषेचं. कडेचं गवत कापून आत ओढायचं आणि ते आपणच जाळून टाकायचं, म्हणजे पुढे वणवा आला तर त्याला त्या पट्ट्यावर खायला काही उरत नाही.

ते काम पहाटेच करावं लागतं. दव असतं, वारा पडलेला असतो. ऊन चढलं की कोकणच्या बाजूने वारा उसळतो, मग काडी ओढायची हिंमत कोणी करू नये.

त्या दिवशी आम्ही पाच जण होतो. मी, तीन वनमजूर आणि धनगरवाड्यावरचे एक बाबा. बाबांना रोजावर घेतलं होतं, कारण त्या सड्यावरचा वारा त्यांच्याइतका कोणाला कळत नाही. काळोखात ओढा ओलांडताना माझा पाय शेवाळावरून गेला आणि मी पाठीवरच्या पिशवीसकट पाण्यात बसले. दोन्ही काडेपेट्या त्याच पिशवीत. माझ्याशिवाय कोणी जंगलात काडेपेटी आणायची नाही, हा नियम माझाच. वर पोचून काड्या ओढून पाहिल्या, तर गुल चिखलासारखा निघून बोटाला लागला. खाली जाऊन परत यायचं म्हणजे दोन तास. तोवर वारा सुटणार, दिवस वाया जाणार.

बाबा थोडा वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, "मॅडम, रागावनार न्हाय तर एक सांगतो." आणि त्यांनी कमरेची चंची सोडली.

आदल्या उन्हाळ्यात मी त्यांच्या वाड्यावर जाऊन सगळ्यांचे खिसे रिकामे करून घेतले होते. मिळाल्या तेवढ्या काडेपेट्या जप्त केल्या होत्या. बाबांनीही खिसे उलटे करून दाखवले होते. चंची मी तपासली नव्हती.

तिच्यातून निघाली एक काळी, वाकवलेली लोखंडी पट्टी, अंगठ्याएवढी पांढुरकी गार, म्हणजे गारगोटी, आणि पितळेची डबी. डबीत तपकिरी, मऊ कापसासारखं काहीतरी. भेरली माडाच्या पानांच्या बुडाशी जी लव धरते ती काढून, जराशी करपवून ठेवलेली. ती लोखंडी पट्टी म्हणजे चकमक. मी हा शब्द रोज वर्तमानपत्रात वाचते. पोलिसांची चकमक, नेत्यांची चकमक. ती वस्तू मात्र त्या पहाटे पहिल्यांदा पाहिली.

"माझा हात आता हालतो," बाबा म्हणाले. "मी सांगतो, तुमी मारा."

मजुरांपैकी एक जण पुढे झाला, पण काड्या मी भिजवल्या होत्या. मीच घेतली. डाव्या हातात गार, तिच्या धारेला लागून अंगठ्याखाली कापूस, उजव्या हातात चकमक. पहिले पंधरा-वीस घाव मी हातोडा मारावा तसे मारले. बोटाची सालं गेली, ठिणगी एक नाही. बाबांनी माझं मनगट धरलं. "दगड फोडायचा न्हाय, पोरी. लोखंड सोलायचंय." मॅडमची पोरी कधी झाले ते मला तेव्हा कळलंही नाही.

सोलणं हा शब्द अगदी नेमका आहे. जळते ती गार नव्हे, लोखंड. गारेची तीक्ष्ण कड पोलादाचा बारीक कीस काढते आणि तो कीस हवेत पेटतो. म्हणून पोलाद कडक लागतं. बाबांची चकमक लोहाराने जुन्या कानशीची करून दिलेली होती. पुढे घरी मी स्टीलच्या चमच्यावर गार मारून पाहिली. काहीच झालं नाही. आणि गारेची कड बोथट झाली तरी सगळं थांबतं. बाबांनी दुसऱ्या दगडाने टिचकी मारून तिची एक कपची उडवली, ताजी धार काढली आणि परत माझ्या हातात दिली.

आता घाव वरून खाली, कडेला घासून जाणारा. ठिणग्या पडायला लागल्या. बऱ्याच फुकट गेल्या. मग एक कापसावर बसली आणि विझली नाही. ज्वाळा नाही, धूर नाही. मोहरीएवढा लाल ठिपका, हळूहळू रुंद होणारा. मी फुंकायला तोंड पुढे केलं तसे बाबा म्हणाले, "आत्ता न्हाय. त्याला घर करू द्या."

मजुरांनी कपारीतलं, दव न लागलेलं गवत आणून तळव्यांत चोळून मऊ केलं होतं. त्यात बाबांनी वाळल्या शेणाचा चुरा भुरभुरला आणि माझ्या हातातला ठिपका मधोमध ठेवला. मग सांगितलं, फुंका, पण लांब श्वासाने. पांढरा धूर आला, दाट होत गेला, आणि एकदम भक्कन ज्वाळा उठली. माझी आजी रात्री विस्तव राखेखाली झाकायची, शेजारीण गोवरी घेऊन विस्तव मागायला यायची. तो इतका जपायचा का, ते मला त्या सड्यावर समजलं. माझा अर्धा तास गेला होता आणि बोटं रक्ताळली होती.

गवत पेटल्यावर आम्ही सगळे रेषेकडे वळलो. बाबा वळले नाहीत. कापसाचा उरलेला धुमसता तुकडा त्यांनी डबीत टाकला, झाकण दाबून बसवलं, डबी कानाशी धरल्यासारखी थोडा वेळ धरून ठेवली, उघडून पाहिली आणि मगच चंचीत ठेवली. वणवे गुराखीच लावतात, असं मी अनेकदा बोलले आहे, त्यांच्या तोंडावरसुद्धा. कोणी लावतही असेल. पण या माणसावर मी तो संशय घेतला होता, आणि त्याची मला त्या क्षणी फार लाज वाटली.

वारा सुटायच्या आत आमचा पट्टा जळून झाला. मजूर डबे सोडून बसले. बाबा मात्र जळल्या पट्ट्यातून वाकून चालत होते, हाताची मागची बाजू राखेवरून फिरवत. मी जवळ गेले. एका जागी ते थांबले. वर नुसती करडी राख होती. "हात लावा," म्हणाले. शेणाची पोवटी आतून अजून धगधगत होती, वरून काहीच दिसत नव्हतं. त्यांनी आपल्या बाटलीतलं प्यायचं पाणी तिच्यावर ओतलं, काठीने ती फोडली, परत ओतलं.

"चंची जमा करू का?" त्यांनी विचारलं.

मी नको म्हटलं. मग त्यांच्या डाव्या बाजूला, दोन हात अंतर सोडून, मीही वाकले आणि तळहात उलटा करून राखेवरून फिरवत रेषेच्या दुसऱ्या टोकाकडे निघाले.