उपटून टाकलेली रोपं

गेली नऊ वर्षं मी रावेर तालुक्यातल्या एका नर्सरीत केळीची टिश्यू कल्चर रोपं, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली रोपं, निवडते. सकाळी शेडनेटमध्ये शिरायचं, ट्रेमागून ट्रे पाहायचा आणि बाकीच्यांसारखं नसलेलं रोप उपटायचं. पान अरुंद, जाड, रबरासारखं झालं की उपट. पानावर पांढुरके पट्टे दिसले की उपट. शेतकरी पैसे मोजतो ते सगळी बाग एकदम निसवावी म्हणून. त्यात दहा झाडं वेगळी निघाली तर तो चिडतो, आणि त्याचं बरोबर आहे.

मागल्या वर्षी बऱ्हाणपूरकडे एका शेतात मरीचं, म्हणजे बुरशीनं केळ वाळवणाऱ्या रोगाचं झाड पाहिलं. खालची पानं पिवळी पडून देठाशी मोडलेली, खोडाभोवती लुगड्यासारखी लोंबत होती. शेतमालकानं विळ्यानं खोड आडवं कापलं. आत पांढरं असायला हवं तिथे तांबूस-तपकिरी ठिपक्यांची कडी. बुरशी मुळांतून शिरते, पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुजवते, आणि भर पाण्यात उभं झाड तहानेनं मरतं. फवारणीनं ती जात नाही. मातीत वर्षानुवर्षं दबून राहते, मुनव्यांबरोबर म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांबरोबर, ट्रॅक्टरच्या चाकाबरोबर, चपलेच्या तळव्याबरोबर पुढच्या शेतात जाते. मी चपला तिथेच सोडल्या आणि अनवाणी गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी मला हजारो रोपांमध्ये उभं राहायचं होतं.

या बुरशीचा टीआर-४ हा प्रकार बिहारमध्ये कटिहार-पूर्णियाला सापडला, सुरतेकडे सापडला, बऱ्हाणपुरातही. आपण लावतो ती ग्रँड नैन, बसराई, श्रीमंती, सगळी कॅव्हेंडिश या एकाच केळीगटातली भावंडं. एकीला लागली की सगळ्यांना लागणार.

मग दुसरी जात तयार करा, असं माझे काका सहज म्हणतात. पण केळीत संकर करायचा कसा? कॅव्हेंडिशला बी धरत नाही. होंडुरासमध्ये केळीच्या नव्या जाती करणारे फिल रो यांच्या चमूनं इतर जातींवर हातानं परागकण लावून, पिकलेली केळी ढिगानं चाळणीतून गाळून, हाती लागतील तेवढ्या मोजक्या बिया जपल्या. त्यातून एफएचआयए-०१, म्हणजे ‘गोल्डफिंगर’ ही जात आली. मरीपुढे टिकते, पण चव कॅव्हेंडिशची नाही. ऑस्ट्रेलियात शास्त्रज्ञ जेम्स डेल यांनी रानकेळीतलं एक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातलं. त्या जातीला तिथे २०२४ मध्ये मंजुरी मिळाली.

माझा जीव मात्र तैवानच्या कामात अडकला आहे. तिथे १९६०च्या दशकाच्या अखेरीस कॅव्हेंडिश मरू लागली होती. पुढे पिंगतुंगच्या केळी संशोधन संस्थेनं टिश्यू कल्चरची हजारो रोपं मुद्दाम मरीच्या रानात लावली. बाटलीत वाढताना काही रोपं आपोआप बदलतात, तोच बदल ते शोधत होते. बहुतेक मेली. जी थोडी जगली त्यांतलीही कित्येक उंच, किरकोळ खोडाची, घड हलका, दिवस जास्त घेणारी. त्यांतूनच पुन्हा रोपं करून, पुन्हा निवडून, ‘फॉर्मोसाना’सारखी लावण्याजोगी जात मिळाली.

हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. नऊ वर्षांत मी किती रोपं खड्ड्यात टाकली असतील! वेगळं दिसणारं रोप मरीला टिकतंच असं नाही, हे मला ठाऊक आहे. टिकणारं रोप दिसायला अगदी साधंही असेल. ते फक्त त्या मातीतच कळतं, आणि ती माती माझ्या नर्सरीत कधीच येऊ नये. पण जिथे रोग आधीच आहे, तिथे शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली ही रोपं लावून पाहायला काय हरकत आहे? नर्सरीच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “लिहून द्या, ताई. मी पुढे पाठवतो.” सोमवारी दिलं.

आज सकाळच्या ट्रेंमधून सात निघाली. एकाचं पान कडेनं दुमडलेलं, दोन ठेंगणी, बाकी पट्ट्यांची. पिशव्यांत लावली, तारखेच्या चिठ्ठ्या बांधल्या आणि विक्रीच्या रोपांपासून लांब, शेडच्या टोकाला ठेवली.