संध्याकाळची बोट

जूनो, अलास्का. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. जहाज सुटून दीड तास झाला, हे कधीच झोपलेत, आणि बाहेर अजूनही पुरता काळोख नाही. जूनच्या शेवटी इथे सूर्य मावळतो तोच दहा वाजून गेल्यावर, आणि नंतरही आकाशाची एक कड उजळलेली राहते.

देवमासे पाहून आले. खरं तर त्याबद्दलच लिहायला हवं. पण मनात घोळतंय ते परवाच्या जेवणाच्या टेबलावरचं. मी म्हटलं, "मग मी जाते संध्याकाळच्या बोटीने," आणि सगळे एका सुरात म्हणाले, "जा की!"

एवढंच झालं. कुणी वाकडं बोललं नाही. माझा मुलगा सुमेध तर हातातला काटा खाली ठेवून लगेच फोनवर बुकिंग करायला लागला. तरी तेव्हापासून काहीतरी सलतंय.

ठरत होतं जूनोचं. जहाज दुपारी एकला लागणार, रात्री दहाला सुटणार. दुपारी सगळ्यांनी मिळून ग्लेशिअर, तिथून आल्यावर ट्राममधून, म्हणजे रोपवेने, डोंगरावर, मग परत जहाजावर, कारण नातीचं, आरूचं जेवण आणि रात्रीचा तो शो. देवमाशांच्या बोटी दोन वेळांना होत्या. अडीचची धरली तर ग्लेशिअर बुडतं, पावणेसहाची धरली तर जेवण आणि शो. सुनेला, अनघाला बोट लागते. ह्यांना वारा सोसत नाही. सुमेध म्हणाला, "आई, देवमासे काय, बाल्कनीतूनही दिसतात. काल कुणाला तरी दिसले म्हणे."

दिसतही असतील. बाराव्या मजल्यावरून, चष्मा पुसत, "तो बघ, तो बघ" म्हणेपर्यंत गेलेले. मला तसं पाहायचं नव्हतं.

का नव्हतं, ते तिथे कुणाला सांगितलं नाही. २०२३च्या दिवाळीत गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू लागलं होतं. दादा मालगुंडहून व्हिडिओ पाठवत होता. इकडे फराळाची ताटं भरलेली आणि तिकडे वाळूत ते धूड पडलेलं. माणसं त्याच्या अंगावर पाणी मारतायत, कुणी समुद्राकडे ढकलायचा प्रयत्न करतंय. पिल्लू म्हणायचं, पण भोवतीची माणसं त्याच्यापुढे अगदी लहान दिसत होती. शेवटी टगबोटीने ओढून खोल पाण्यात नेलं. गाव खूश झालं. पण ते जगलं नाही. त्या भाऊबीजेला दादाशी बोलताना आम्ही दोघंही त्याच्याबद्दलच बोलत राहिलो. ज्या किनाऱ्यावर मी लहानपणी शिंपले वेचले तिथे असं काही येऊन पडू शकतं, हे तोवर माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. तेव्हापासून मनात होतं की एकदा तरी हा प्राणी जिवंत पाहायचा, त्याच्या स्वतःच्या पाण्यात, आणि जमेल तितक्या जवळून.

तर "जा की".

जाऊ नकोस म्हणावं, अशी माझी अपेक्षा नव्हती. "एकटीच?" एवढं कुणीतरी विचारायला हवं होतं. परक्या देशात, अनोळखी बंदरात, रात्री नऊपर्यंत बाहेर, आणि एकालाही क्षणभर थांबावंसं वाटलं नाही. सुमेधने काळजी केली ती एकाच गोष्टीची. "बाहेरच्या बोटी स्वस्त आहेत, पण तू जहाजाकडूनच घे. त्यांच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं, बाहेरच्याला झाला तर नाही थांबत." बरोबरच आहे त्याचं. पैसे जास्त पडले, तरी मी तीच घेतली.

आयुष्यभर मी कुठेही जाताना मागे काय काय ठेवून जायचं याचा हिशेब करून गेले. भाजी चिरून, कणीक भिजवून, किल्ल्या शेजारी देऊन. माहेरी चार दिवस जायचं तर आठ दिवस आधीपासून तयारी. "तू नसलीस की कसं होणार" हे ऐकून तेव्हा वैताग यायचा. आता काहीच अडत नाही. इथे तर स्वयंपाकही नाही. मी टेबलावर असले काय, नसले काय, वेटर तितक्याच तत्परतेने सूप आणून देणार. परवा रात्री पलंगावर पडल्या पडल्या हाच विचार, आणि डोळ्यांत पाणी. आरूची खोली शेजारीच आहे. तिच्या हसण्याचा आवाज येत होता. असो.

आज दुपारी ग्लेशिअर झालं. मेंडेनहॉल. सुंदर आहे, गर्दी फार. आरूला बर्फापेक्षा शेजारचा धबधबा आवडला. साडेपाचला मी धक्क्यावर उतरले तेव्हा बाकीचे वर लिफ्टपाशी होते, कुणी हात केला, कुणी नाही. अनघाने मात्र आपली टोपी काढून माझ्या हातात दिली.

देवमाशांच्या बोटी सुटतात त्या ऑक बेला बसने अर्धा तास लागतो. ड्रायव्हर जूनोचीच. सांगत होती की या गावाला बाहेरून एकही रस्ता येत नाही. अलास्काची राजधानी, पण यायचं ते बोटीने नाहीतर विमानाने. मोठी जहाजं दिवसाला पाचच्या वर येऊ द्यायची नाहीत, असं २०२४पासून ठरलंय. दुपारी बाजाराच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ही म्हणे मर्यादा घातल्यानंतरची स्थिती. संध्याकाळी मात्र बरीचशी जहाजं निघायच्या बेतात असतात, त्यामुळे बोटीही कमी. संध्याकाळची वेळ घेतली ते बरं केलं, असं मला पहिल्यांदा तिथे वाटलं.

बोट लहानशीच. आत हीटर, वर उघडा डेक. मी वर गेले. माहिती सांगणारी मुलगी पंचविशीतली, पायात तपकिरी रबरी बूट, इथे जो तो तेच घालतो. बाहेर पडलो तेव्हा पाणी काळसर हिरवं, डोंगर थेट पाण्यातून वर गेलेले, खालपासून वरपर्यंत झाडी, आणि मागे वळलं की दुपारचंच ग्लेशिअर, आता निळं आणि कितीतरी मोठं दिसणारं. एका बोयावर सी लायन एकमेकांना ढकलत पडले होते.

पहिला देवमासा मला आधी ऐकू आला. गोठ्यात म्हशीने नाकातून फुर्रकन श्वास सोडावा, तसा आवाज, फक्त कितीतरी खोल. मग उजवीकडे पाण्यावर धुरकट खांब उभा राहिला आणि उन्हात विरला. सूर्य खाली होता म्हणून तो फवारा थेंबाथेंबाने दिसला. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात तो असा दिसला नसता. मागोमाग वास आला. कुजक्या मासळीचा, अगदी ओळखीचा. आजूबाजूच्यांनी नाकं मुरडली. मला बंदरावर आल्यासारखं वाटलं.

इंजिन बंद केलं होतं. शंभर यार्डांच्या आत बोट नेता येत नाही, असा इथला कायदा आहे. तोच आपणहून जवळ आला तर जागच्या जागी थांबायचं. पाठ वर आली, काळी, ओली, तिच्यावर तो छोटासा उंचवटा आणि पर. पाठ कमानीसारखी झाली की तो खोल जाणार, शेपटीवर लक्ष ठेवा, असं ती मुलगी म्हणाली. आणि शेपटी वर आली. कडेकडेने पाणी निथळत होतं. खालची बाजू पांढरी, तिच्यावर काळे ओरखडे, एका टोकाला तुकडा तुटल्यासारखी खाच. प्रत्येकाची शेपटी वेगळी असते, तिच्या फोटोवरूनच इथले लोक त्यांना ओळखतात, दरवर्षी कोण परत आलं त्याची नोंद ठेवतात. शेपटी गेल्यावर त्या जागी पाण्यावर एक गुळगुळीत वर्तुळ कितीतरी वेळ राहिलं. भोवती लाटा, मध्ये ते सपाट. मी त्याच्याकडेच बघत बसले.

हे हंपबॅक जातीचे देवमासे हवाईहून येतात. चार-साडेचार हजार किलोमीटर. तिथे पिल्लं होतात, पण खायला जवळजवळ काही नसतं. हिवाळाभर उपास काढायचा आणि उन्हाळ्यात इथे येऊन हेरिंग मासे आणि कोळंबीसारखे इवले क्रिल खायचे. मी त्या मुलीला विचारलं, भारतात असतात का हे? तिला माहीत होतं, याचं मला फार बरं वाटलं. अरबी समुद्रात हंपबॅकचा एक वेगळा गट आहे, शंभरसुद्धा नसतील. ते कुठे स्थलांतर करत नाहीत, वर्षभर तिथेच राहतात. ओमानजवळ २०१७ मध्ये टॅग लावलेली एक मादी, लुबान तिचं नाव, पूर्ण समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकाला गेली होती. म्हणजे आपल्याच समुद्रात आहेत. दादाला कळवायला हवं.

माझ्या शेजारी एक बाई होती, माझ्याहून मोठी असेल, हातात दुर्बीण. ती म्हणाली, "एकट्याच आलात?"

परवापासून जे ऐकायची वाट पाहत होते ते हेच. परक्या बाईने अगदी सहज विचारलं. मला वाटलं होतं की हे शब्द कानावर पडले की घशाशी काहीतरी दाटून येईल. तसं काही झालं नाही. मी म्हटलं, "हो, घरचे जहाजावर आहेत." आणि म्हणताना मला छान वाटलं. त्यात तक्रार नव्हती. तिने दुर्बीण माझ्याकडे दिली, मी ती बराच वेळ परत दिली नाही, आणि त्या वेळात मला एकदाही कुणाला विचारावं लागलं नाही की थंडी वाजतेय का, शू लागलीय का, भूक लागलीय का. माझं मी पाहत होते. शेवटी एक मादी आणि पिल्लू दिसलं. पिल्लाचा फवारा बुटका, आईच्या मागोमाग लगेच उठणारा. सगळी बोट "ऑ" करत होती. मला ते वाळूतलं पिल्लू आठवलं आणि हे पिल्लू मात्र व्यवस्थित खोल पाण्यात आहे, याचा फार आनंद झाला.

नऊला परत धक्क्यावर आले. फोनला रेंज आली तसे ह्यांचे मेसेज धडाधड येऊन पडले. कुठे आहेस. जेवलीस का. निघालीस का. उत्तर दे. खोलीत आले तर हे खुर्चीतच बसलेले, अंगावर बाहेर जायचे कपडे तसेच. टेबलावर बशीत केक आणि दोन केळी, वर नॅपकिन झाकलेला. "शोला गेलो नाही," एवढंच म्हणाले. का, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मी केक खाल्ला. मग शेपटीचा फोटो दाखवला, तो त्यांनी मोठा करून करून पाहिला.

तर मग आता का सलतंय? सलतंयच. खोटं का लिहू. परवाचं "जा की" अजूनही आठवलं की बारीकशी कळ येते. मला वाटतं ती राहील. माझं अडत नाही तसं त्यांचंही माझ्यावाचून अडत नाही, हे कळायला आणि अंगवळणी पडायला वेळ लागणारच. पण परवा रात्रीसारखं रडू आता येत नाहीये. आणि खरं सांगायचं तर आज दुपारची अडीचची बोट सगळ्यांनी मिळून घेतली असती, तर ते पाण्यावरचं गुळगुळीत वर्तुळ मी शेवटपर्यंत पाहिलं नसतं.

उद्या सकाळी स्कॅगवे. तिथली डोंगरातली छोटी रेल्वे सगळ्यांची मिळून आहे, १९०० साली बांधून झालेली. सुमेधने खिडकीच्या जागा धरल्यात, आरूला मांडीवर मीच घेणार. पुढे केचिकन आहे, तिथे टोटेमचे कोरीव लाकडी खांब पाहायचेत मला, आणि बाकीच्यांचा बेत दुकानांचा आहे. नाश्त्याला विषय निघेलच. तेव्हा "मी जाते" म्हणून मोकळी होणार नाही. ह्यांना सरळ सांगणार आहे, मफलर घ्या आणि चला माझ्याबरोबर.