कॉर्नहिलचा पेस्ट्रीवाला

फ्रान्सहून लंडन पाहायला आलेल्या एका काल्पनिक गृहस्थाचा एक जुना चुटका आहे. पलटणीचा कर्नल कोण, सभा गाजवणारा वक्ता कोण, रंगभूमीवर चाललेले नाटक कोणाचे आणि ही पेस्ट्री कोणाच्या दुकानातली, असे तो जिथे तिथे विचारतो आणि दर वेळी त्याला एकच नाव ऐकू येते: बर्च. अखेर हा बर्च म्हणजे लंडनचा सम्राटच असला पाहिजे, अशी पक्की समजूत करून घेऊन तो मायदेशी परततो. चुटका चेष्टेसाठी लिहिलेला होता. पण लंडनचे पेस्ट्रीवाले सॅम्युअल बर्च यांचे चरित्र वाचल्यावर त्या बिचाऱ्या फ्रेंच माणसाचे फारसे चुकले असे मला वाटत नाही.

बर्च यांचा जन्म 1757 चा. लंडनच्या कॉर्नहिल या रस्त्यावरील 15 क्रमांकाचे दुकान पहिल्या जॉर्ज राजाच्या काळात हॉर्टन नावाच्या व्यापाऱ्याने काढलेले होते आणि पुढे ते सॅम्युअलचे वडील ल्यूकस बर्च यांच्याकडे आले. शाळा सुटताच मुलाने वडिलांच्याच हाताखाली उमेदवारी सुरू केली. हे दुकान विशेष गाजले ते कासवाच्या सूपसाठी. वेस्ट इंडीजकडून मोठी हिरवी समुद्री कासवे जहाजातून जिवंत आणली जात आणि शहरातील बड्या मेजवान्यांत त्यांच्या सूपाला मानाचे स्थान असे. आपल्याला हे वाचताना थोडे कसेसेच होते, परंतु लंडनच्या व्यापारी वर्गाच्या दृष्टीने ती ऐश्वर्याची खूण होती.

1778 मध्ये त्यांचे लग्न झाले (पुढे तेरा मुले झाली) आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, दुकानापासून जवळच असलेल्या एका खानावळीतल्या वादसभेत ते पहिल्यांदा बोलायला उभे राहिले. 1781 मध्ये ते नगरसभेवर निवडून आले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुमारास नागरिकांच्या स्वयंसेवक पलटणी उभाराव्यात, असा प्रस्ताव त्यांनी मांडला, तेव्हा एकाही सभासदाने त्यांना पाठिंबा दिला नाही. पुढे तीच कल्पना मान्य झाली आणि पहिल्या पलटणीचे नेतृत्व बर्च यांच्याकडेच आले. 1795 मध्ये ड्रुरी लेन नाट्यगृहात त्यांचे संगीत नाटक झाले, त्याला संगीत होते मोझार्टचे शिष्य थॉमस ॲटवूड यांचे. पीठ मळणाऱ्याने नाटके लिहावीत, ही गोष्ट अनेकांना रुचली नसावी.

त्यांची सगळीच मते मला पटत नाहीत. कॅथलिकांच्या हक्कांच्या मागणीविरुद्ध 1805 मध्ये गिल्डहॉलमध्ये, म्हणजे नगरसभेच्या इमारतीत, त्यांनी केलेले भाषण आज वाचवत नाही. याउलट 1814 च्या नोव्हेंबरात लॉर्ड मेयर झाल्यावर, गव्हाचा भाव क्वार्टरला (हे धान्याचे जुने इंग्रजी माप) 80 शिलिंगांपर्यंत चढेपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ न देणाऱ्या धान्यविषयक विधेयकाला त्यांनी कसून विरोध केला. ज्याच्या दुकानात रोज पिठाची पोती रिकामी होत होती, त्याला भाव चढला की गरिबाच्या पावाचे काय होते, हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, इतके मानसन्मान मिळाले तरी त्यांनी दुकान सोडले नाही. ते त्यांनी रिंग आणि ब्रायमर यांना विकले 1836 मध्ये, म्हणजे वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षे उलटल्यावर. 1841 च्या डिसेंबरात ते वारले. त्या दुकानाची दर्शनी बाजू पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे गेली.

नाताळानंतरच्या बाराव्या दिवशी इंग्लंडमध्ये साखरेच्या जाड थराने मढवलेला, सुक्या मेव्याने भरलेला मोठा केक कापण्याची पद्धत होती आणि असा एक केक बर्च दरवर्षी लॉर्ड मेयरच्या निवासस्थानी, म्हणजे मॅन्शन हाऊसला, भेट म्हणून धाडत असत. 1815 च्या जानेवारीत तिथे राहत होते ते स्वतःच. तेव्हा त्या वर्षी केक पाठवला असेल, तर कॉर्नहिलच्या दुकानदाराने तो आपल्याच नावाने धाडला असणार, आणि मेयरसाहेबांनी पोच कोणाला द्यायची, हा पेच त्यांना पडला असेल.