टर्कीच्या गळ्यातून आलेला शब्द

आईच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी संमतीपत्र हातात पडलं. त्यात एक वाक्य होतं: ‘सदर प्रक्रियेच्या अनुषंगाने उद्भवू शकणाऱ्या संभाव्य गुंतागुंतींबाबत अधोस्वाक्षरीकारास यथोचित अवगत करण्यात आले असून...’ आईने ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, “माझंच डोकं चालेनासं झालंय गं.” जन्मभर भाषा शिकवलेली बाई!

मी भाषांतराचं काम करते. त्या क्षणी मला एक इंग्रजी शब्द आठवला, ‘गॉबल्डीगूक’. भारदस्त शब्दांची रास, जिच्यातून अर्थ काही हाती लागत नाही.

तो घडवला मॉरी मॅव्हरिक यांनी. टेक्सासचे माजी काँग्रेस सदस्य, सॅन अँटोनिओचे माजी महापौर. 1944 मध्ये, युद्ध चालू असताना, ते लहान कारखान्यांना युद्धसामग्रीची कामं मिळवून देणाऱ्या सरकारी महामंडळाचे प्रमुख होते. कचेरीतल्या फुगीर भाषेला कंटाळून त्यांनी मार्चमध्ये परिपत्रक काढलं: थोडक्यात लिहा, काय म्हणायचंय ते सांगा. ‘ॲक्टिव्हेशन’ किंवा ‘इम्प्लिमेंटेशन’ म्हणणाऱ्याला गोळी घातली जाईल, असंही त्यात होतं. त्यातला ‘गॉबल्डीगूक’ हा शब्द कुठून सुचला, याचं उत्तर त्यांनी नंतर दिलं: बहुधा टेक्सासमधला टर्की पक्ष्याचा नर मनात असावा, छाती काढून चालणारा, सतत ‘गॉबल गॉबल’ करणारा, आणि शेवटी ‘गूक’सारखा आवाज काढणारा. (कळपाबाहेरचा माणूस या अर्थाचा ‘मॅव्हरिक’ हा शब्दही याच घराण्यातला. आजोबा सॅम्युअल आपल्या गुरांना मालकीचा डाग देत नसत, त्यावरून तो आला.)

शब्द अनौपचारिक आहे, पण पोहोच मोठी. 2017 मध्ये अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स मतदारसंघांच्या खटल्यात एका गणिती मोजमापाला भर न्यायालयात ‘समाजशास्त्रीय गॉबल्डीगूक’ म्हणाले होते. मला ते पटलं नाही. तांत्रिक परिभाषा आणि गॉबल्डीगूक यांत फरक करायलाच हवा. परिभाषा निदान त्या क्षेत्रातल्या माणसाला कळते. आईपुढचं ते वाक्य मात्र लिहिणाऱ्यालाही एका दमात समजावून सांगता आलं नसतं.

आपला ‘शब्दबंबाळ’ जवळ जातो, पण पुरत नाही. शब्दबंबाळ कविताही असते, आणि ती समजतेही. गॉबल्डीगूकमध्ये टर्कीचा तोरा आहे, आणि दोष कुणाचा हेही त्यात स्पष्ट आहे: लिहिणाऱ्याचा. आईला मी आधी हेच सांगितलं.

मग ड्यूटीवरच्या डॉक्टरांना गाठलं, त्या वाक्याचा अर्थ विचारून घेतला आणि पाकिटाच्या पाठीवर लिहिला: ‘ऑपरेशनमध्ये रक्तस्राव होऊ शकतो. नंतर जंतुसंसर्ग होऊ शकतो. हे मला डॉक्टरांनी सांगितलं आहे.’

आईने वाचलं आणि चष्मा पुन्हा चढवला. “पण मला कुठे सांगितलंय त्यांनी?” ती म्हणाली. “बोलाव त्यांना. मग सही करते.”